शिळं पाणी

“चपला बाहेर काढा आणि आवाज करू नका,” सिंधूने मला दारातच सांगितलं.

तीन वाजून गेले होते. पहिली पाळी संपवून मी फिल्टर हाउसवरून सायकल मारत आलो होतो. एप्रिल महिना होता. आत आलो तर पंखा बंद आणि दोघी फिश टँकसमोर बसलेल्या. सिंधू पाटावर होती. शेजारच्या गुरवांची रोहिणी माझ्या खुर्चीवर होती, कारण तिला सातवा महिना लागला होता आणि खाली बसलं की उठता येत नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला ती बार्शीहून माहेरी आली होती. पण आईच्या घरात ती फक्त जेवायला आणि झोपायला असायची. बाकी सगळा दिवस आमच्याकडे.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही झालं नाही,” रोहिणी म्हणाली. “तेच तर बघत बसलोय.”

“हिने माझे सगळे मासे मारले असते आज,” सिंधू म्हणाली. पण तिचा चेहरा हसरा होता.

“मी चांगलंच करायला गेले होते हो काका. सकाळी नळाला पाणी आलं. बघते तर काकूंच्या मोरीत दोन बादल्या शिळं पाणी तसंच. आमच्याकडे ताजं पाणी आलं की आई शिळं ओतून देते. मला वाटलं, काकूंना जमलं नसेल. मी दोन्ही बादल्या तुळशीला आणि अंगणात ओतल्या, घासल्या आणि नळाखाली भरून ठेवल्या.”

“आणि मी साडेआठला अर्धी पेटी उपसली आणि त्या दोन्ही बादल्या आत ओतल्या,” सिंधू म्हणाली. “नंतर ही मला सांगते, काकू, बादल्या बघा कशा लख्ख केल्यात. मी पाटच घेतला. तेव्हापासून बसलोय दोघी. भातसुद्धा नाही टाकला.”

मी पेटीत वाकून बघितलं. गप्पी मासे वरच्या अंगाला शेपट्या हलवत फिरत होते. निळ्या-तांबड्या रेघेचे निऑन घोळक्याने इकडून तिकडे जात होते. तळाचे दोन मिशाळ मासे, ज्यांना सिंधू झाडूवाले म्हणायची, नेहमीसारखे वाळू चिवडत होते. एकही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत नव्हता.

“साडेसहा तास झाले,” रोहिणी म्हणाली. “एकाला काही झालं नाही. माझ्या हाताला गुण आहे की नाही सांगा.”

मी पुन्हा वाकून मासे मोजले.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होतो. नदीचं पाणी फिल्टर हाउसला यायचं, तिथे ते गाळलं जायचं, त्यात जंतू मारायला ब्लीचिंग पावडर पडायची आणि मग ते गावाला सुटायचं. ती पावडर घालायची आणि नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे की नाही ते तपासायचं, हे माझं काम. सतरा वर्षं मी ते रोजंदारीवर करत होतो.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्याच्या चार वर्षं आधी हिवताप विभागाच्या माणसाने मला डबकी-हौदांत सोडायच्या गप्पी माशांतले बारा मासे डब्यात घालून दिले होते. मी सहज घरी नेले. सिंधूने खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून पेटी करून घेतली. नळाचं पाणी भरलं, मासे सोडले. दोन तासांत बाराही मेले. ती रडली तेव्हा मी तिला समजावलं होतं. नळाच्या पाण्यात आमचं औषध असतं. माणसाला चालतं, जंतू मरतात आणि एवढ्याशा माशांनाही ते सोसत नाही. दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं म्हणजे उडून जातं. आणि वर मी म्हणालो होतो, “बघ, माझं काम किती चोख आहे.”

तेव्हापासून तिच्या मोरीत दोन बादल्या कायम उघड्या असायच्या. मासे आणतानाही ती दुकानदाराला एकच विचारायची, “हे दुसऱ्यांना चावत नाहीत ना?” न भांडणारे छोटे मासेच तिला हवे असत. रोहिणीही लग्नाआधीपासून या पेटीसमोर बसत आलेली. पण पाणी बदलायचं काम सिंधू कोणाला करू देत नव्हती, म्हणून त्या बादल्यांचं गुपित तिला ठाऊक नव्हतं.

“पण अहो,” सिंधू म्हणाली, “मेले का नाहीत?”

“उन्हाळा आहे ना,” मी म्हणालो. “उन्हाने पाइपातच उडत असेल.”

“मागच्या उन्हाळ्यात नाही उडालं. एक तांब्या चुकून पडला होता तर तीन गेले होते.”

“माशांनाही सवय होते.”

तिने माझ्याकडे बघितलं. रोहिणी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आमच्या माठातलं पाणी पेला भरून प्यायली. मग आणखी अर्धा पेला. “सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायले,” ती तिथूनच म्हणाली. तोंडात पाणी होतं आणि हसू येत होतं, म्हणून तिला ठसका लागला. सिंधूने तिची पाठ चोळली.

मला कळायचं ते कळलं होतं.

आमच्या ऑफिसच्या वहीत एक रकाना होता, शिल्लक क्लोरिनचा. रोज शेवटच्या नळावर जायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. रंग जितका गडद तितका आकडा जास्त. पण वर्षानुवर्षं तो आकडा कधी फारसा हललाच नव्हता. पॉइंट दोन, नाहीतर पॉइंट तीन. मग मी शेवटच्या नळापर्यंत जाणं सोडून दिलं. पुढे पुढे सोमवारी सकाळी आठवड्याचे साती आकडे एकदमच लिहून टाकू लागलो. खरे वाटावेत म्हणून मधे मधे पॉइंट दोनचे पॉइंट तीन करायचो.

आणि पावडर? ती मी रोज मापाने घालत होतो. एक दिवस चुकलो नव्हतो. पण पोती मागच्या पावसाळ्यापासून गोदामात पडून होती. त्यांना ओल लागली होती. ओल लागली की पावडर नुसती दिसायला पावडर राहते. आधी पोतं उघडलं की डोळे चुरचुरायचे, नाकात झणका बसायचा. गेले काही दिवस तसं होत नव्हतं. मला ते जाणवलं होतं. बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन वर्षांनंतर पहिल्यांदा शेवटच्या नळावर गेलो. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं, काचेसारखं. आणखी थेंब टाकले. दुसऱ्या नळावर गेलो. तिथेही तसंच.

मुळीक साहेब आमच्या विभागाचे प्रमुख होते. वाईट माणूस नव्हते. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

“साहेब, पावडर मेलीय.”

“कधीपासून?”

“सांगता येत नाही.”

“वहीत काय आहे?”

“पॉइंट दोन.”

“कोणी लिहिलंय?”

“मीच.”

“मग पॉइंट दोन आहे,” साहेब म्हणाले. त्यांनी उठून दार लावलं. “नलवडे, बसा. चौदा जणांना कायम करायची यादी वर गेलीय. तुमचं नाव पाचवं आहे. महिन्या-दीड महिन्यात ऑर्डर निघेल. आत्ता हे कागदावर आलं तर काय होईल? तुमचं जाईल, माझ्यावर चौकशी लागेल आणि बाकीचे तेरा तुमच्या नावाने बोटं मोडतील.”

“लोकांना उकळून प्यायला सांगावं का?”

“रिक्षा फिरवून? लोक विचारतील कशासाठी. काय सांगाल?” ते परत खुर्चीत बसले. “सोमवारी नवीन माल येतोय. तोवर माप तिप्पट करा. इतके दिवस काही झालं नाही ना कोणाला? मग आता चार दिवसांत काय होतंय?”

मी माप तिप्पट केलं. नळीतलं पाणी जरासं पिवळं दिसलं, की मला तसं दिसावंसं वाटलं, ते आजही सांगता येणार नाही. सोमवारी नवीन माल आला. पोतं फोडलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

पण मधले चार दिवस राहिले होते. आणि आधीचे किती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

साहेबांकडून आलो त्या संध्याकाळी मी सिंधूला म्हणालो, “माझं पोट बिघडलंय. मला पाणी उकळून देत जा आठवडाभर.”

“डॉक्टरकडे जाऊन या ना.”

“एवढं नाही. पाणी उकळ फक्त. आणि तूही तेच पी.”

“मला काय धाड भरलीय?”

“दोन दोन माठ कशाला सांभाळतेस? एकच भर. उकळलेल्याचा.”

तिने मोठं पातेलं गॅसवर चढवलं. गार व्हायला परातीत ठेवलं. आधीचा माठ ओतून दिला आणि नवं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी मी पाळी संपवून घरी होतो. दुपारी रोहिणी आली. पेटीला हात टेकवून थोडा वेळ मासे बघत बसली. तिच्या पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि ती त्याला सांगत होती, “थांब रे, तुला पण दाखवते, आधी बाहेर तर ये.” मग म्हणाली, “काकू, पाणी द्या.”

“देते. पण यांच्यासाठी उकळलंय गं, कोमट आहे अजून. चालेल तुला?”

“शी. उकळलेल्या पाण्याला चवच नसते. काकांना काय झालं?”

“पोट बिघडलंय.”

“मग काकांनाच पाजा ते,” ती हसली. “मी घरून पिऊन येते. आईने माठात वाळा टाकलाय.”

मी तिथेच होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. ती उठली, एक हात कमरेवर ठेवून उंबऱ्याबाहेर पडली, अंगण ओलांडून तिच्या घरात शिरली. मला तिच्या माठावरच्या झाकणीचा आवाज ऐकू आला. दोन घरांत तेवढंच अंतर होतं. मी एक वाक्य बोललो असतो, “रोहिणी, हेच पी, चव नसली तरी,” तरी पुरलं असतं. कारण विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. पण मला वाटलं, ती आईला सांगेल. गुरवकाकू म्हणजे आमच्या गल्लीचा रेडिओ. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं की पाणीपुरवठ्याचा नलवडे स्वतः उकळून पितो आणि शेजाऱ्यांनाही सांगतो.

मी पान उलटलं. वर बघितलं नाही.

पाच आठवडे गेले. मी जवळजवळ विसरलो होतो. म्हणजे दिवसा विसरायचो.

एका सकाळी सिंधू आणि रोहिणी पेटीसमोर बसल्या होत्या. सिंधू तिला म्हणाली, “इकडे बघ गं जरा.” मग तिने पेटीवरचा दिवा बंद केला. “आता बघ.” मग तिला उजेडात खिडकीपाशी नेलं.

“अहो,” तिने मला हाक मारली, “हिचे डोळे बघा.”

डोळे पिवळे होते.

“दोन दिवस मळमळतंय,” रोहिणी म्हणाली. “मला वाटलं, या दिवसांत होतंच.”

आमच्याकडच्या डॉक्टरने तिला बघितलं आणि लगेच जिल्ह्याच्या गावी न्यायला सांगितलं. जीपमध्ये गुरवकाकू, सिंधू आणि मी होतो. जावई बार्शीहून थेट तिकडे येणार होते. वाटेत गुरवकाकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मी तिला बाहेरचं काही खाऊ दिलं नव्हतं हो. रस नाही, पाणीपुरी नाही, काही नाही. घरचंच सगळं.”

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. “ही पाण्यातून होणारी कावीळ आहे,” त्या म्हणाल्या. “एरवी माणूस महिन्या-दीड महिन्यात उठून बसतो. पण गरोदर बाईला ती फार वाईट. विशेषतः शेवटच्या महिन्यांत. पाणी कुठलं प्यायच्या?”

“नगरपालिकेचं,” गुरवकाकू म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे हात करून, “हे त्यातच आहेत. रोज औषध घालतात.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

रोहिणी सहा दिवस शुद्धीवर नव्हती. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. सातव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा हात पोटावर नेला. सिंधू तिच्या उशाशी होती. मी दारात होतो. मी तिथून निघून गेलो. खाली चहाच्या गाडीजवळ उभा राहिलो आणि दोन चहा घेतले, एकामागून एक.

आमच्या वस्तीत एकूण एकोणीस जणांना कावीळ झाली. बाकी अठरा बरे झाले. पुण्याहून तपासणीला लोक आले. त्यांनी नळाचं पाणी तपासलं, नळी पिवळीधमक झाली. वह्या बघितल्या, आकडे व्यवस्थित. मग त्यांनी कोपऱ्यावर गटाराशेजारी खणलं. तिथे पाइपाचा जोड गळत होता. घाण आत जात होती. अहवालात गळतीचं कारण लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. जोड खरंच गळत होता. पण त्या घाणीतले जंतू पोटात जायच्या आधी ज्याने मारायचे, ते औषध त्या दिवसांत पाण्यात नव्हतं. हे वहीत कुठे नव्हतं.

त्याच आठवड्यात ऑर्डर निघाली. मी कायम झालो. ऑफिसातल्या सगळ्यांनी पेढे वाटले, म्हणून मलाही अर्धा किलो घ्यावे लागले. घरी येऊन मी पुडा सिंधूच्या हातात दिला.

“ऑर्डर आली.”

“सतरा वर्षांनी,” ती म्हणाली. पुडा तिने उघडला नाही. पेटीच्या झाकणावर ठेवला. मासे खायला मिळेल म्हणून वर आले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“त्या दिवशी मासे का मेले नाहीत?” तिने विचारलं.

“सांगितलं ना तुला. ऊन.”

“बरं. मग मला उकळलेलं पाणी का प्यायला लावलंत?”

मी सायकलची किल्ली खुंटीला अडकवली.

“पोट तुमचं बिघडलं होतं,” ती म्हणाली. “मी विचारलं होतं, मला काय झालंय. तुम्ही म्हणालात, तूही तेच पी.”

“सिंधू, सतरा वर्षं.”

“ती माझ्याकडे पाणी मागत होती,” सिंधू म्हणाली. “मी तिला म्हटलं, यांच्यासाठी उकळलंय, तुला चालेल का. मी विचारलं तिला. नुसता पेला हातात दिला असता तर प्यायली असती. तुम्ही तिथे खुर्चीत बसला होतात.”

ती ओरडली नाही. रडलीही नाही. एवढं बोलून ती आत गेली. पेढे तिसऱ्या दिवशी मीच कचऱ्यात टाकले, मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. मला वाटत होतं बोलेल, भांडेल, भावाकडे निघून जाईल. तसं काही झालं नाही. स्वयंपाक केला, सण केले, माझा दमा वाढला तेव्हा पाठ शेकली. फक्त रोज संध्याकाळी मोठं पातेलं गॅसवर चढायचं. सकाळी ती दोन कळश्या भरायची. एक आमच्या माठात आणि एक गुरवांच्या घरी. चौदा वर्षं. ताप असला तरी. गुरवकाकू सुरुवातीला हसायच्या. “सिंधूताई, नवरा अख्ख्या गावाला पाणी देतो आणि तुम्ही आम्हाला कळशीने?” सिंधू म्हणायची, “असू द्या हो. मला आपली सवय.” पुढे त्यांनाही सवय झाली.

मी वहीत पुन्हा कधी न तपासता आकडा लिहिला नाही. रोज शेवटच्या नळापर्यंत सायकल मारली. हे मी सांगतोय, पण त्याने काय होतं?

रोहिणीला तीन वर्षांनी मुलगी झाली. बाळंतपण सासरीच केलं, माहेरी आली नाही. पण वर्षातून दोन-तीनदा आईकडे यायची तेव्हा आमच्याकडे यायचीच. सिंधूजवळ पेटीसमोर बसायची. मुलीला एकेक मासा दाखवायची. माझ्याशी सरळ बोलायची, काका तब्येत कशी, काका औषध घेता का. एकच होतं. मी पाणी आणून दिलं तर ती पेला घ्यायची, बाजूला ठेवायची आणि जाताना तो तसाच भरलेला असायचा. मी समजायचो, हिला अजून उकळलेल्या पाण्याची चव आवडत नाही.

गेल्या श्रावणात सिंधू गेली. सकाळी पेटीचं पाणी बदलताना हातातला मग पडला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डोक्यात रक्तस्राव झाला, म्हणाले. अर्धी पेटी रिकामी होती. संध्याकाळी लोक बसलेले असताना मी उठून शिळ्या पाण्याच्या बादल्यांनी ती भरली. लोकांना विचित्र वाटलं असेल.

महिन्याभराने रोहिणी आली. एकटीच. हातात दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जाळी होती.

“काकूंनी मला सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “त्यांच्यामागे मासे मी न्यायचे. पेटी जीपमधून नेईन नंतर. आज मासे नेते.”

“ने,” मी म्हणालो. “त्यांचं माझ्याकडून नीट होत नाही.”

तिने पदर खोचला आणि जाळीने एकेक मासा पिशवीत घेऊ लागली. घाई न करता, सिंधू करायची तसं, जाळी एका जागी धरून मासा आपण होऊन येईपर्यंत थांबून. मी पिशवीचं तोंड धरलं होतं. निऑन सात उरले होते. गप्पी पुष्कळ झाले होते. झाडूवाले शेवटी आले.

तिने पिशव्यांना गाठी मारल्या. उजेडाकडे धरून बघितल्या. मग म्हणाली, “पाणी कसं घालायचं ते सांगा.”

मला नवल वाटलं. चौदा वर्षांत तिने ते शंभर वेळा बघितलं होतं.

“नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं,” मी म्हणालो. “मग घालायचं.”

“का?”

“औषध उडून जावं म्हणून. ताज्या पाण्यात मासे मरतात.”

“आणि मेले नाहीत तर?”

तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. माझ्याकडे बघत होती. पिशवीतले मासे आता शांत झाले होते. मी पेटीकडे बघितलं. पेटी रिकामी होती. बघायला काही नव्हतं.

“तर,” मी म्हणालो, “पाण्यात औषध नसतं.”

रोहिणीने पिशव्या जपून पाटावर ठेवल्या. भिंतीजवळची खुर्ची ओढली, तीच माझी खुर्ची, आणि तिच्यावर बसली. मला समोरच्या पलंगाकडे हात केला.

“बसा काका,” ती म्हणाली. “काकूंनी त्यांच्या वाट्याचं मला केव्हाच सांगितलंय. मी दवाखान्यातून आले त्याच महिन्यात. तुमच्या वाट्याचं तुम्ही सांगाल, म्हणाल्या होत्या. तुमचं राहिलंय.”

मी बसलो. बराच वेळ बसलो. तिने घड्याळाकडेसुद्धा बघितलं नाही.

“आमच्या ऑफिसात एक वही होती,” मी म्हणालो. “सोमवारी सकाळी मी तिच्यात साती दिवसांचे आकडे एकदम लिहायचो.”